घरी बांधलेल्या पेडलचा आवाज कुठे अडतो?



मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून गिटारचं डिस्टॉर्शन पेडल घरीच बांधणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. पेडल चालतं, आवाज हवा तसा फाटतोही, पण पायाने सुरू केलं की गिटार एकदम बारीक ऐकू येते. मग घाईघाईने आयसी बदलला जातो आणि सगळे टाके पुन्हा तापवले जातात. त्यात तांब्याची पट्टी उखडली, की नवाच बिघाड तयार होतो. माझं आग्रहाचं सांगणं असं, की सोल्डरिंग आयर्न हातात घेण्याआधी एक गोष्ट ठरवा: हा बिघाड आहे, की सर्किटचा स्वभावच असा आहे?

उदाहरण म्हणून एमएक्सआर कंपनीचं ‘डिस्टॉर्शन प्लस’ घेऊ. अमेरिकेत रॉचेस्टरला सत्तरच्या दशकात निघालेलं हे पेडल. आत एक ७४१ आयसी, दोन जर्मेनियम डायोड आणि मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर. म्हणूनच नवशिके याच्यापासून सुरुवात करतात.

आयसी गिटारचा सिग्नल दोनशेपटीच्या वर वाढवू शकतो. तो पुढे १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून उलटसुलट जोडलेल्या दोन डायोडांपाशी येतो. धरणाच्या सांडव्यासारखं त्यांचं काम: ठरलेल्या पातळीच्या वरचं सगळं जमिनीकडे, म्हणजे सर्किटच्या ग्राउंडकडे, सोडून द्यायचं. जर्मेनियमची ही पातळी साधारण ०.३ व्होल्ट, सिलिकॉनची ०.६. जोरकस पिकअपची गिटार दणकून वाजवली तर तीच ०.३ व्होल्टच्या पुढे सहज जाते. तेव्हा व्हॉल्यूमचा नॉब पूर्ण उघडल्यावर पेडल बायपासच्या, म्हणजे बंद असतानाच्या आवाजाच्या, जेमतेम बरोबरीला येत असेल, तर तुमच्या बांधणीत काही चुकलेलं नाही.

पूर्ण उघडूनही आवाज फारच खाली असेल, तर मात्र शोध घ्यायचा. आधी बॅटरी बघा, तीही पेडल चालू असताना. मग मल्टीमीटरची काळी तार जमिनीला लावून आयसीच्या पिना मोजा. सातवर ९ व्होल्ट, चारवर शून्य, सहावर साडेचारच्या आसपास. तीन नंबरच्या पिनेवर आकडा कमी दिसला तर दचकू नका. तिथे साडेचार व्होल्ट दहा लाख ओहमच्या रेझिस्टरांमधून येतात, आणि मीटर स्वतःच थोडा प्रवाह ओढून घेतो. स्वस्त मीटर तर निम्म्याहूनही कमी दाखवतो. खरं काय ते सहा नंबरची पिन सांगते.

व्होल्टेज बरोबर असेल तर सिग्नलच्या मागे जायचं. एका तारेच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा, दुसरं टोक अ‍ॅम्प्लिफायरकडे न्या, आणि दोन्हीकडची जमीन एक करा. अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज आधी कमी करून ठेवा. आता गिटार वाजवत कपॅसिटरच्या मोकळ्या पायाने सर्किटमध्ये एकेक जागा ऐकत चला. महागड्या यंत्राशिवाय बिघाडाची जागा सापडते, ती अशी. मला दुरुस्तीतला हा सगळ्यात आनंदाचा भाग वाटतो.

सहाव्या पिनेवर आवाज दणदणीत हवा. तिथेच तो मूळ गिटारइतकाच, स्वच्छ येत असेल आणि गेनचा नॉब फिरवून काही फरक पडत नसेल, तर दोन नंबरच्या पिनेकडून जमिनीकडे जाणारी फांदी तुटलेली आहे. ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि गेनचा पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर) या तिघांत कुठेतरी ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला टाका, असणार. आयसी बिचारा निर्दोष असतो.

सहावर दणदणीत आणि डायोडांपाशी अगदीच क्षीण? मग डायोडचा एक पाय सोडवून बघा. आवाज उसळला तर संशय त्याच्यावर. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. टाका देताना पाय चिमट्याने धरावा, म्हणजे उष्णता चिमट्यात उतरते. डायोडही ठीक असेल तर व्हॉल्यूमचा पॉट तपासा. १० किलोऐवजी १ किलोचा बसला असेल तर सिग्नल तिथेच दबतो.

आणि सगळं ठीक असूनही आवाज वाढवायचा असेल तर? जर्मेनियमच्या जागी सिलिकॉनचे १एन४१४८ लावा. आवाज स्पष्टपणे वाढतो, पण फाटण्याची जात जरा कडक होते. मला स्वतःला जर्मेनियमचा मऊपणा सोडवत नाही. अशा वेळी डायोड तसेच ठेवावेत आणि व्हॉल्यूमच्या पुढे एका ट्रान्झिस्टरचा छोटा बूस्टर जोडावा. त्याच डब्यात, त्याच ९ व्होल्टवर तो चालतो.