देणारा खाली, मागणारा वर

(ईट, ता. भूम येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



फलकावर विषय लिहिलाय ‘विरचना’. तो वाचूनही तुम्ही आलात, म्हणून आधी आभार मानतो. समीक्षेच्या पुस्तकांनी हा विषय इतका अवघड करून ठेवलाय की एम.ए.ची मुलंसुद्धा त्याला बिचकतात. आज आपण पॅरिसला उशिरा जाऊ. आधी आपल्याच जिल्ह्यातल्या तेरला जाऊ.

तेरला त्रिविक्रमाचं देऊळ आहे. विटांचं, मागून गोलाकार. मुळात तो बौद्ध चैत्य असावा, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. त्रिविक्रम म्हणजे वामनाचं विराट रूप, पाय उचललेला विष्णू. त्या उचललेल्या पायाकडे जरा नीट बघा. तो वर गेला कशामुळे? बळीनं दान दिलं म्हणून. गोष्टीतून बळी काढून टाकला की तो पाय अधांतरी राहतो, त्याला काही अर्थच उरत नाही. जिंकणाऱ्याचा मोठेपणा हरलेल्याच्या जिवावर उभा आहे.

फ्रेंच तत्त्वज्ञ झाक देरिदा हेच सांगत होता. 1930 साली अल्जीरियात एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. पुढे फ्रान्समध्ये नाव काढलं आणि 1967 या एका वर्षात त्याची तीन पुस्तकं आली. त्यातलं ‘ऑफ ग्रॅमॅटॉलॉजी’ 1976 साली इंग्रजीत आणलं कोलकात्याच्या गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी. देरिदाचं म्हणणं थोडक्यात असं: आपला विचार जोड्यांनी चालतो. बोलणं आणि लिहिणं, पुरुष आणि स्त्री, देव आणि दैत्य. जोडीतल्या एकाला आपण गुपचूप वर बसवतो. पण लेखन बारकाईनं वाचलं तर दिसतं, की वरच्याला खालच्यावाचून उभंच राहता येत नाही, आणि त्याची कबुली ते लेखन स्वतःच कुठंतरी देऊन बसलेलं असतं. प्लेटोनं लेखनाला नावं ठेवली. ती त्यानं लिहूनच ठेवली! चांगला वकील उलटतपासणीत समोरच्याच्याच साक्षीदाराला बोलतं करतो, तशी ही विरचनेची रीत.

आता बळीची गोष्ट अशी तपासू. भागवताच्या आठव्या स्कंधात ती सविस्तर आहे. नर्मदेकाठी बळीचा यज्ञ चाललाय. बटू येतो आणि तीन पावलं जमीन मागतो. बळीचे गुरू शुक्राचार्य सावध करतात, हा विष्णू आहे, शब्द फिरव. खोटं कुठं चालतं, याची यादीही देतात. बळी म्हणतो, शब्द दिला तो दिला. गुरू शाप देतो, तरी हा हलत नाही. दोन पावलांत सगळं जातं, बळी वरुणपाशानं बांधला जातो आणि तिसऱ्या पावलासाठी डोकं पुढं करतो.

इथं दैत्य कोण आणि देव कोण? रूप बदलून आलेला देव आहे. खरं बोलून सर्वस्व देणारा दैत्य आहे. ही विसंगती पुराणकारालाही पेलवत नाही. म्हणून पुढं विष्णूच बळीची स्तुती करतो, सुतळ देतो, पुढच्या एका मन्वंतरात इंद्रपदाचा शब्द देतो, आणि स्वतः गदा घेऊन त्याच्या दारात पहारा करतो. जिंकलेला दारावर, हरलेला आत. बाहेरून कुणी टीकाकार यायची गरजच राहिली नाही.

आपल्या बायाबापड्यांनी हे कधीच वाचलं होतं. दिवाळीत ओवाळताना ‘इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतात. ज्याला पाताळात घातलं त्याचं राज्य मागतात, आणि तेही देवासमोर.

जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’त हीच गोष्ट उलटी धरली. पुस्तक संवादाच्या रूपात आहे. धोंडिबा विचारतो, जोतीराव सांगतात: बळी न्यायी राजा, वामन आक्रमक. खंडोबा, म्हसोबा हे बळीचे अधिकारी. नावांच्या त्यांनी लावलेल्या व्युत्पत्ती भाषाशास्त्रात टिकत नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवं. फुल्यांचा अनुयायी असूनही सांगतो. पण गोष्ट कोणाच्या बाजूनं सांगितली गेली, हा त्यांचा प्रश्न पक्का होता. देरिदाच्या रीतीत ही पहिली पायरी झाली: उतरंड उलटवणं. दुसरी पायरी म्हणजे उतरंडच डळमळीत करणं. त्यासाठी पुराणातला तो दारावरचा विष्णू मला फुल्यांच्या व्युत्पत्तींपेक्षा भक्कम पुरावा वाटतो. शिवाय फुल्यांचं बळीराज्यही तपासावं लागेल. सगळं काही ठीक होतं असा एक आरंभकाळ त्यांनाही लागतोच, आणि देरिदाचा सगळ्यात जास्त संशय अशा निर्मळ आरंभावरच आहे.

ताराबाई शिंद्यांचं 1882 सालचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ याच वाटेनं जातं. शास्त्रांनी बायकांवर ठेवलेले दोष त्या एकेक उचलतात आणि पुरुषांच्या वागण्याला लावून दाखवतात. फुल्यांनी त्यांची पाठराखण केली, हे विसरू नये.

कुणी म्हणेल, मग काय, वाटेल तो अर्थ काढायचा? छे. पुरावा लेखनातच दाखवता आला पाहिजे. तो दाखवता आला नाही तर वाचन फसलं, मग वाचणारा कितीही पुरोगामी असो. देरिदाच्या नावावर चाललेलं पुष्कळ लिखाण मला या कसोटीवर पोकळ वाटतं.

बळीच्या गोष्टीतली देणारा-मागणारा ही जोडी अजून जिवंत आहे. भाषणात शेतकऱ्याला ‘बळीराजा’ म्हणतात आणि योजनेच्या कागदावर ‘लाभार्थी’. सोयाबीन त्यानं पिकवायचं, खरेदी केंद्रावर नोंदणी करून रांगेत त्यानंच थांबायचं, ओलावा जास्त निघाला की माल परत न्यायचा, आणि तरी कागदावर देणारं सरकार, घेणारा तो. अशा योजनेचं एखादं पत्रक घरी नेऊन वाचा. प्रत्येक वाक्यात कर्ता कोण आणि पैसा मुळात कुठून आला, एवढंच पेन्सिलीनं लिहा. फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये 1883 साली हाच हिशेब मांडला होता: अंमलदारांचे पगार, कचेऱ्या, थाट, सगळं शेताच्या साऱ्यातून आणि पट्ट्यांतून.