खाली अंथरलेली गादी

आवडलेल्या सिनेमावर बोला म्हणालात, म्हणून मी 'द गेम' निवडला. डेव्हिड फिंचरचा, १९९७ चा. खरं तर तो मला आवडला की त्याचा राग आला, हे अजून ठरत नाही.

मायकल डग्लस यात निकोलस व्हॅन ऑर्टन झालाय. सॅन फ्रान्सिस्कोतला गुंतवणूकदार. वेळ, पैसा, माणसं, सगळं मुठीत. भल्यामोठ्या बंगल्यात हा एकटा आणि घर सांभाळणारी एक जुनी बाई. वडिलांनी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्याच बंगल्याच्या छपरावरून उडी टाकलेली, पोरानं ती पाहिलेली. आता हाच अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. धाकटा भाऊ भेट देतो: एक कंपनी खास तुझ्यासाठी खेळ रचेल.

मग एकेक वीण उसवते. टीव्हीवरचा बातमीदार थेट याच्याशी बोलतो. खाती रिकामी झाल्याचं कळतं. एके दिवशी जाग येते ती मेक्सिकोतल्या स्मशानात. जवळ कागद नाहीत, पैसा नाही. घड्याळ विकून माणूस घरी परततो.

होस्टेलवर लॅपटॉपभोवती दाटीवाटीनं बसून आम्ही हे पाहिलं. बाकीची पोरं श्वास रोखून होती, मला हसू येत होतं. कागद नाहीत, खात्यात पैसे नाहीत, खिडकीतला माणूस मान वर करत नाही. अरे, ही तर आमची सोमवारची सकाळ! त्या वर्षी माझी शिष्यवृत्ती अडकली होती, मेसचं बिल थकलं होतं.

शेवट सांगतो, माफ करा. हातून भाऊ मेला असं समजून निकोलस बापासारखीच उडी टाकतो. काचेचं छत फोडून पडतो तो फुगवलेल्या गादीवर! भाऊ जिवंत, भोवती वाढदिवसाचे पाहुणे. सगळं ठरवलेलं. खेळाचं बिल दोघे भाऊ वाटून घेतात.

गादीपाशी मला बडोदा आठवलं. १९१७ साली बाबासाहेब कोलंबियात शिकून तिथं नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहिले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी बाहेर काढलं. पुढचे तास सार्वजनिक बागेत काढून रात्रीच्या गाडीनं मुंबई. इतक्या पदव्या असून खाली गादी नव्हती.

हे भाषण इथंच संपवलं असतं तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण नोकरी लागल्यावर आमच्या घरचा निकोलस मीच झालो. अण्णांचं पासबुक माझ्याकडे. कोणी कुठं जायचं, काय घ्यायचं, मला विचारून. धाकटी बहीण बँकेच्या परीक्षा सोडून छायाचित्रण शिकते म्हणाली, तेव्हा मी साफ नाही म्हटलं. एकाचा पाय घसरला तर सगळं घर खाली येईल, ही भीती. खोटी नव्हती ती. तरी ती म्हणाली, "दादा, तू नोकरी करतोस की पहारा?"

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी नुसता पासबुकासाठी हात पुढे केला.

जूनमध्ये तिनं प्रवेश घेतला. अर्धी फी मी भरतो, अर्धी ती शिकवण्या घेऊन. वाटणी तिनंच ठरवली.