कोठारात पडून राहणारं काम



संरक्षण प्रयोगशाळेतलं काम कसं असतं ते पदवी घेणाऱ्या मुलांना सांगा, असा कुलगुरूंचा आग्रह होता. माझी सारी नोकरी रॉकेटच्या घन इंधनात गेली. त्यातलं बरंचसं आजही सांगता येत नाही. जे येतं ते सांगतो.

टीव्हीवर तुम्ही पिनाका हे रॉकेटं डागणारं अस्त्र पाहिलं असेल. 44 सेकंदांत 12 रॉकेटं सुटतात आणि घरातले टाळ्या वाजवतात. पुण्यात पाषाणच्या एआरडीई या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत त्यावर 1980च्या दशकात काम सुरू झालं; 1999मध्ये कारगिलच्या वेळी ते प्रथम युद्धात वापरलं गेलं. त्या 44 सेकंदांमागे असलेली वर्षं कुणी टीव्हीवर दाखवत नाही, आणि नोकरी तर त्या वर्षांचीच असते.

आमच्या इमारती एकमेकींपासून लांब, मध्ये मातीचे उंच बांध. दारावर पाटी: आत एका वेळी माणसं किती, स्फोटक किती किलो. मोबाइल, काडेपेटी गेटवरच ठेवायची. अंगावर सुती कपडे, कारण नायलॉनमध्ये स्थिर वीज साठते. आत पाऊल टाकण्याआधी दाराशी बसवलेल्या धातूच्या पट्टीला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज जमिनीत जाते. हत्यारं ठिणगी न उडवणाऱ्या मिश्रधातूची. वळवाचे ढग गडगडू लागले की भोंगा होतो आणि हातातलं काम ठेवून बाहेर पडायचं. नवीन मुलांना पहिले काही दिवस हे सगळं जरा अती वाटतं. ते वाटणं संपलं की माणूस कामाचा झाला, असं मी समजत असे.

घन इंधनात मुख्यतः तीन गोष्टी: अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची भुकटी आणि त्यांना धरून ठेवणारं रबर. हे मिश्रण ढोकळ्याच्या पिठाहून कितीतरी घट्ट असतं. घोटण्याचं यंत्र माणसं दूरच्या खोलीत बसून पडद्यावर बघत चालवतात. मग ते निर्वातात साच्यात ओतायचं, ऊब देऊन दिवसच्या दिवस पक्कं होऊ द्यायचं आणि शेवटी एक्स-रे काढायचा. आत बुडबुडा किंवा भेग राहिली, तर जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो, दाब चढतो आणि रॉकेटचं नळकांडं फुटतं. एक्स-रेत डाग दिसला की सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी. त्या दिवशी कँटीनमध्ये कुणी फारसं बोलत नाही.

पण या कामाचा खरा प्रतिस्पर्धी शत्रू नसतो. तो काळ असतो. आम्ही बनवलेली वस्तू वर्षानुवर्षं कोठारात पडून राहते. एखाद्या दिवशी, कदाचित जैसलमेरच्या उन्हात, कदाचित लडाखच्या थंडीत, कुणी कळ दाबतो आणि तिनं पहिल्याच वेळी चालायचं असतं. इंधन गरम असलं तर जोरात जळतं, गार असलं तर मंद. दोन्हीकडे रॉकेट ठरल्या जागीच पडलं पाहिजे.

शिवाय काही दारू स्वतःहून हळूहळू विघटित होत असते. 25 सप्टेंबर 1911ला फ्रान्समध्ये तुलों बंदरात ‘लिबेर्ते’ ही युद्धनौका नांगरलेली असताना स्फोटानं फुटली. सुमारे 300 माणसं गेली. हल्ला नव्हता. तोफांची नायट्रोसेल्युलोजची दारू जुनी होऊन कोठारातच बिघडली होती. आज अशा दारूत स्थिरक घालतात. दारूतून सुटणारे नायट्रोजनचे ऑक्साइड तो शोषून घेतो आणि स्वतः संपत जातो. तो किती उरलाय ते अधूनमधून मोजत राहणारं कुणीतरी लागतं. कंटाळवाणं काम म्हणाल, तर आहेच.

आणि कोठारातला माल मुदत संपून, एकदाही न वापरता, उघड्या मैदानावर जाळून टाकला जातो, असंही होतं. शस्त्रं बनवून रात्री झोप कशी लागते, असं मला विचारतात. माझं उत्तर त्या जाळलेल्या मालात आहे. तो वापरावा लागला नाही, यासारखं यश आमच्या धंद्यात दुसरं नाही. हे उत्तर पूर्ण नाही, हे मला ठाऊक आहे. ज्यांना ते पुरणार नाही त्यांनी या वाटेला येऊ नये. त्यात कमीपणा काहीच नाही.

आता थोडं कडू, संरक्षण संशोधनातल्या उशिराबद्दल. अर्जुन रणगाड्याला 1974मध्ये मंजुरी मिळाली आणि तो सैन्यात दाखल व्हायला 2004 उजाडलं. उशिरावर होणारी टीका मी खोटी म्हणणार नाही. सैन्याच्या गरजा मध्येच बदलतात, पण साध्या व्हॉल्व्हची खरेदीही टेबलाटेबलांवर महिनोन्‌महिने फिरते, हेही खरंच. तुमच्या बरोबरीचे मित्र शोधनिबंध छापतील, कामाचे फोटो टाकतील. तुमचा अहवाल मात्र मोजक्या हातांत जाऊन कपाटात बंद होईल, आणि घरी विचारलं तर “चाललंय” एवढंच सांगता येईल.

तरीही यायचं असेल, तर संरक्षण प्रयोगशाळांतल्या ‘शास्त्रज्ञ बी’ या सुरुवातीच्या पदाची जाहिरात बघत राहा; ‘गेट’ परीक्षेचे गुण सांभाळून ठेवा. मुलाखतीत मी प्रत्येकाला विचारायचो, तुमच्या प्रोजेक्टमध्ये काय फसलं आणि ते तुम्हाला कधी कळलं? “काहीच फसलं नाही” म्हणणाऱ्याला आम्ही चहा पाजून परत पाठवत असू. माझ्या जागी आता दुसरी माणसं बसतात, पण प्रश्न बदलला असेल असं वाटत नाही.