चिमूटभर पुडीची पारख



दिवसभराचा उकाडा सोसून आपण संध्याकाळी येथे येता, तेव्हा वक्त्याने काही थंडगार सांगावे अशी आपली अपेक्षा असणार. आम्हांला मात्र आज वितळण्याविषयीच बोलायचे आहे.

बर्फाचा खडा शून्य अंशावर वितळतो. त्याच्या आधी नाही. तुपाचे तसे नाही. थंडीत थिजलेले तूप उन्हात ठेवले की आधी मऊ पडते, मग रवाळ होते आणि मग कुठे स्वच्छ पातळ होते. बर्फ हा एकट्या पाण्याचा. तुपात अनेक स्निग्ध द्रव्ये एकत्र नांदतात. शुद्ध स्फटिक ठरावीक अंशाला चटकन वितळतो, भेसळीचा आधीच पाझरू लागतो आणि रेंगाळतो. या ठरावीक अंशाला द्रवणांक म्हणतात.

भेसळीने द्रवणांक खाली का यावा? आईस्क्रीमच्या पॉटात बर्फावर मीठ टाकतात, तेथेच याचे उत्तर आहे. मीठ बर्फाच्या स्फटिकात शिरत नाही. वितळलेल्या पाण्यात शिरते आणि त्या पाण्याला पुन्हा गोठणे अवघड करते. म्हणून ते मिश्रण शून्याखाली २१ अंशांपर्यंत उतरू शकते.

आता प्रयोगशाळेत चला. कपाटातल्या निम्म्याअधिक बाटल्यांत पांढरी पूडच असते, आणि चव घेऊन पाहण्याची सोय नाही! मग केसासारख्या बारीक भोकाची, एका टोकाला बंद केलेली काचेची नळी घ्यायची. तिच्यात कोरडी पूड ठोकून ठोकून दोनतीन मिलिमीटर भरायची आणि पूड पाऱ्याच्या फुग्याशेजारी येईल अशी ती उष्णतामापकाला अडकवायची. ही जोडी तेलात सोडतात. थीले या जर्मन रसायनज्ञाने १९०७ साली यासाठी कपाच्या कानासारखी बाजूची नळी असलेले भांडे सुचविले. कानाला आच दिली की तेल आपोआप फिरते, ढवळावे लागत नाही. पूर्वी तेलाऐवजी तीव्र गंधकाम्लही वापरीत. भांडे फुटले तर डोळ्यांवरच बेतायचे.

खरी कसोटी आच देणाऱ्याची. अपेक्षित अंशाच्या पंधरावीस अंश खालपर्यंत घाई चालते. पुढे मिनिटाला एकदोन अंश, अधिक नाही. जोराने तापविले तर पारा आणि पूड यांची गाठ चुकते. आणि आकडे दोन लिहायचे: पहिला थेंब दिसला तो, आणि शेवटचा कण नाहीसा झाला तो.

येथे मोहाचा प्रसंग येतो. बेंझॉइक आम्लाचा द्रवणांक १२२ अंश, हे विद्यार्थ्याला पुस्तकातून आधीच ठाऊक असते. नळीत ११७ लाच पाणी सुटले तरी डोळे १२२ ची वाट पाहतात, आणि वहीत तोच आकडा उतरतो. आमच्या मते वहीतले ‘११७ ते १२०’ हे शंभरपट मोलाचे; पूड अजून ओली किंवा अशुद्ध आहे, हे त्यानेच कळते.

पण दोन निराळ्या द्रव्यांचा अंश एकच निघाला तर? युरिया आणि सिनॅमिक आम्ल, दोन्ही १३३ च्या आसपास वितळतात. यावर तोड सोपी आहे. संशयित पूड आणि खात्रीचा युरिया एकत्र घोटायचा. ती पूड युरियाच असेल तर अंश हलणार नाही. सिनॅमिक आम्ल असेल तर मिश्रण पुष्कळच आधी वितळेल. इतक्या स्वस्तात इतका चोख साक्षीदार आम्हांला दुसरा ठाऊक नाही.

एमिल फिशरला साखरांचा उलगडा करताना याच साक्षीदाराचा आधार मिळाला. त्याच्या हाती येत ते चिकट पाक, स्फटिक होईनात. त्याने स्वतःच १८७५ साली शोधलेले फेनिलहायड्रॅझीन त्यांत मिसळले, तेव्हा पिवळे स्फटिक मिळाले आणि त्यांचे अंश मोजता आले. त्यातही एक पेच होता: द्राक्षशर्करा आणि फलशर्करा दोन्ही एकच स्फटिक देतात. या पेचातूनच त्या दोन साखरांचे नाते त्याला उमगले. १९०२ चे नोबेल पारितोषिक त्याला लाभले, पण त्या फेनिलहायड्रॅझीनच्या विषाने प्रकृतीही खालावली.

आज विजेवर तापणारे ठोकळे आहेत, वितळणे टिपणारे कॅमेरे आहेत, रेणूची ओळख पटविणारी याहून सूक्ष्म यंत्रेही आहेत. तरी आपल्या घरातल्या पॅरासिटामॉलसाठी औषधकोशात १६८ ते १७२ अंश ही मर्यादा छापलेली असते. एखादी खेप १६० लाच पाझरू लागली तर ती पुढे जाऊ द्यायची नाही. प्रयोगशाळेत अशी पूड पुन्हा विरघळवून स्फटिक करतात, गाळतात, वाळवितात, आणि नवी नळी भरतात. लागोपाठ दोनदा तोच आकडा आला, की मगच दिवा विझवितात.