बाटलीतलं रोप आणि सरावलेला हात

जळगावच्या केळीबागांत टिश्यू कल्चरची रोपं आता सर्रास दिसतात. ती जन्मतात प्रयोगशाळेत, आणि तिथं पदवीइतकंच मोल हाताला असतं. निर्जंतुक हवेच्या कपाटासमोर, म्हणजे लॅमिनार फ्लोसमोर बसायचं, चिमटा ज्योतीवर धरायचा, कोंब विभागून नव्या बाटलीत रोवायचा. बाटलीतलं पोषक माध्यम ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला आधीच निर्जंतुक केलेलं हवं. एवढं करूनही बुरशी शिरली, की बाटली बाद!

लस कंपन्यांत निर्जंतुकपणाच्या याच शिस्तीला कागदाची जोड लागते. केलं ते त्याच क्षणी नोंदवायचं. चुकलेला आकडा गिरवायचा नाही, एक रेघ मारून शेजारी सही-तारीख टाकायची. जैवतंत्रज्ञानातल्या बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांत ही सवय लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढं एम.एस्सी. करायचं, तर केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या पाठबळावरच्या अभ्यासक्रमांसाठी जीएटी-बी ही प्रवेशपरीक्षा असते.