पुढचा चार्जर बंद असला तर?

आज मी झाशीत आहे. नागपूरहून इथवर सुमारे पावणेसहाशे किलोमीटर, राष्ट्रीय महामार्ग ४४ने इलेक्ट्रिक गाडीतून आलो. सोबत ७३ वर्षांची आई होती.

आधी हिशेब. कंपनीनं सांगितलेली रेंज बाजूला ठेवा. माझ्या गाडीची बॅटरी ४० युनिटची. मे महिना, एसी चालू, वेग ८०–९०. अशा वेळी एका युनिटला ६ किलोमीटर मिळतात. म्हणजे फुल बॅटरीवर २४०. पण वाटेत आपण ८० टक्क्यांपर्यंतच चार्ज करतो, कारण त्यापुढे फास्ट चार्जिंगही हळू होतं. आणि खाली २० टक्के राखून ठेवायचे. उरले २४ युनिट, म्हणजे १४४ किलोमीटर. तुमचा खरा टप्पा एवढाच.

त्यावरून मी थांबे ठरवले: सिवनी, नरसिंगपूर, सागर, ललितपूर. घरून १०० टक्के करून निघालो, तरी सिवनीला थांबलोच, कारण कुरईच्या घाटात चढाला बॅटरी जास्त जाते.

आता माझी चूक ऐका. सागरला चार्जरवर रांग होती. ४५ टक्क्यांवरच निघालो. ललितपूर सुमारे १०० किलोमीटर, पण अ‍ॅपवर ४० किलोमीटरवर एक हिरवा ठिपका दिसत होता. तिथे पोचलो तर मशीन बंद. बॅटरी २८ टक्के, म्हणजे जेमतेम ६७ किलोमीटर. ललितपूर साठ. बाहेर भट्टीसारखं ऊन आणि मागच्या सीटवर आई. जोखीम घेतली नाही.

जवळच्या ढाब्यावर १५ अँपिअरचा पॉइंट मागितला. मालक म्हणाले, "पहले अम्माजी को अंदर पंखे में बैठाइए।" अशा पॉइंटवर तासाला साधारण ३ युनिट मिळतात. अडीच तासांत ४५ किलोमीटरची सोय झाली. विजेचे पैसे मी आग्रहानं दिले.

त्या अडीच तासांत शिकलो ते सांगतो. पहिल्या चार्जरपर्यंत पोचेल एवढ्यावर निघू नका. तो बंद असला तर दुसऱ्यापर्यंत पोचेल एवढं बॅटरीत हवं. हा दुसरा शक्यतो वेगळ्या कंपनीचा असावा. आदल्या दिवशी स्टेशनवर फोन करून मशीन चालू आहे का, विचारा. अ‍ॅपमध्ये पैसे घरूनच भरा; रस्त्यात नेटवर्क असेलच असं नाही. १५ अँपिअरचा स्वतःचा चार्जर डिकीत हवाच. आणि बॅटरी कमी पडतेय असं वाटलं, तर आधी वेग ७०वर आणा. एसी बंद करण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त, कारण वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो.

झाशीत महामार्ग ४४ आणि २७ एकमेकांना छेदतात. उद्या आम्ही ग्वाल्हेरला आत्याकडे जाणार, सुमारे १०० किलोमीटर. गाडी हॉटेलच्या पार्किंगमध्ये रात्रभर चार्जिंगला लावली आहे. आईनं सकाळीच विचारलं, "आज दुसरा चार्जर बघितलास ना?"

बघितला. तुम्हीही बघत जा.