नागरिकत्वाची प्रतीक्षा आणि गावाचे कर्तव्य
(एका ग्रामसभेपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



पोर्तुगीज अमदानीत पोटापाण्यासाठी असंख्य गोमंतकीयांनी मुंबई, कराची आणि पूर्व आफ्रिका गाठली. १९४७ साली फाळणी होऊन कराची पाकिस्तानात गेली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर १९६२ च्या आदेशान्वये, जे स्वतः किंवा ज्यांचे आईवडील वा आजीआजोबा २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात जन्मले होते, त्यांना भारतीय नागरिक मानण्यात आले. परंतु कराचीत स्थिरावलेल्या काहींनी तेथील नागरिकत्व पत्करले होते. त्यांतील कोणी उतारवयात वाडवडिलांच्या घरी परतले, ते परदेशी पासपोर्ट घेऊनच. घर आपले, चर्च आपले, भाषा आपली. मात्र कायद्याच्या दृष्टीने माणूस परका, अशी ही अवस्था होय.

नागरिकत्व अधिनियमात २०१९ साली दुरुस्ती झाली व तिचे नियम मार्च २०२४ मध्ये लागू झाले. पाकिस्तान, अफगाणिस्तान व बांगलादेश येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती व्यक्तींना तिच्याखाली अर्ज करता येतो. गोव्यातील पहिले प्रमाणपत्र ऑगस्ट २०२४ मध्ये देण्यात आले. तथापि अर्ज आणि प्रमाणपत्र यांमधील काळ अर्जदाराची कसोटी पाहणारा असतो. वृद्ध माणसाला तर आपल्या हयातीत निकाल लागेल की नाही, हीच चिंता जाळीत असते.

ही चिंता अज्ञानामुळे अधिक वाढते. नेहमीच्या मार्गाने केलेला अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडून राज्य शासनाकडे व तेथून केंद्र शासनाकडे जातो. २०१९ च्या दुरुस्तीखालील अर्ज मात्र टपाल खात्याच्या अधीक्षकांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीपुढे येतो. तेथे मूळ कागद तपासले जातात व निष्ठेची शपथ घेतली जाते. अंतिम निर्णय राज्यपातळीवरील अधिकारप्राप्त समिती घेते. तिचे अध्यक्ष जनगणना संचालक असतात. अर्ज एका कार्यालयात आणि अर्जदाराचे हेलपाटे दुसऱ्याच कार्यालयात, असे होऊ नये म्हणून प्रत्येकाने आपला अर्ज कोणत्या कलमाखालचा आहे हे प्रथम जाणून घ्यावे. अर्जाची पोच व क्रमांक जपून ठेवावा. प्रमाणपत्र हाती पडेपर्यंत राहण्याच्या परवान्याची मुदत संपू देऊ नये. अर्ज केला म्हणजे परवान्याची गरज सरली, हा समज घातक आहे.

अधिकारीवर्गाने या दुरुस्तीतील एक तरतूद विशेष ध्यानी घ्यावी. अर्ज पोहोचला त्या दिवशी अर्जदारास जे हक्क व सवलती होत्या, त्या केवळ त्याने अर्ज केला या कारणास्तव काढून घेता येत नाहीत. अर्ज करणे म्हणजे गुन्ह्याची कबुली देणे नव्हे. विचारणेस आलेल्या वृद्धास "नंतर या" एवढेच सांगून परत पाठविण्याऐवजी अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे व कोणता कागद उणा आहे हे सांगितले, तर त्याचा निम्मा भार हलका होतो.

शिक्षकांवर दुहेरी जबाबदारी आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क आहे. पालकांचा अर्ज प्रलंबित आहे म्हणून त्याला शाळेचे दार बंद करता येत नाही. मतदार यादीची गोष्ट निराळी. यादीचे काम पाहणाऱ्या शिक्षकांपुढे शेजारीपाजारी सद्भावनेने अर्जदाराचे नाव सुचवितात. परंतु मतदानाचा हक्क नागरिकत्वाबरोबरच येतो. यादीसाठी खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अशी मदत अर्जदाराच्या हिताऐवजी अहिताची ठरते.

गावाने करावयाची खरी मदत वेगळी आहे. जुना जन्मदाखला, चर्चच्या नोंदवहीतील बाप्तिस्म्याची नोंद, शाळेचा दाखला, घराचे कागद हे सारे गावातच असते. ते शोधून देणे, अर्ज भरताना बसून साहाय्य करणे आणि तारखेच्या दिवशी वृद्धाबरोबर कार्यालयापर्यंत जाणे, हे कोणालाही करता येण्याजोगे आहे. निर्णय देणे शासनाच्या हाती आहे. परंतु तो येईपर्यंत त्या माणसाने एकटे राहावे की आपल्या माणसांत राहावे, हे गावाच्या हाती आहे.